सहा सह्यांची तक्रार

१

गुरुवारी सकाळी चहा गाळता गाळता मी ती मेल उघडली आणि माझ्या हातातलं गाळणं सिंकमध्ये पडलं.

मेल थायलंडहून आली होती. दक्षिणेकडच्या एका लहानशा राष्ट्रीय उद्यानातल्या पिम नावाच्या अधिकारी मुलीने ती लिहिली होती. उद्यानाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या तुमच्यातलं कुणीतरी तिकिटं काढेल, आणि आम्ही तिथे जे करून आलो त्यानंतर पर्यटक नावाच्या प्राण्यावर माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही.

‘मॅडम,’ पिमने लिहिलं होतं, ‘मार्चमध्ये तुम्ही धनेशाचं जे घरटं पाहिलंत ते उद्ध्वस्त झालं. त्या दुपारनंतर नर परत आलाच नाही. पाचव्या दिवशी मादी भिंत फोडून निघून गेली. पिल्लू नाहीसं झालं. राखणदार प्रासितने ते विकलं असा आरोप आहे. तुमच्या गटाच्या तक्रारीनुसार तो त्या दुपारी जागेवर नव्हता. सोमवारी सुनावणी आहे. तक्रारीवर तुमची सही आहे. ती तुम्ही कायम ठेवता का?’

कसली तक्रार? कुणाची सही? मी जोडलेला कागद उघडला. खाली सहा नावं होती आणि पाचवं माझं होतं : उर्मिला लोवलेकर, निवृत्त प्राध्यापिका, प्राणिशास्त्र, चिपळूण. वजन पडावं म्हणून माझा हुद्दासुद्धा घातला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून टाकते. एक फट तेवढी ठेवते. पुढचे तीन-चार महिने ती आत कोंडलेली असते आणि नर त्या फटीतून तिला आणि पिल्लाला भरवतो. तो यायचा थांबला की सगळं संपलं. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलं. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं.

प्रासित हा पन्नाशीचा, बुटका, मोजकं बोलणारा माणूस. तरुणपणी तो स्वतःच अशा ढोल्यांतली पिल्लं काढून विकायचा. हे त्याने पिमकरवी आम्हांला पहिल्याच भेटीत आपणहून सांगितलं होतं. मग उद्यानाने त्यालाच राखणदार केलं, आणि गेली अकरा वर्षं तो एका झाडासमोर बसून वहीत नोंदी करत होता. आता म्हणे त्याने जुना धंदा पुन्हा सुरू केला. नोकरी जाणार होती, तुरुंगही चुकला नसता. आणि त्याला तिथवर पोचवणाऱ्या कागदावर माझं नाव!

‘निमिष!’ मी ओरडले.

माझा मुलगा दात घासत बाहेर आला. स्क्रीनवर नजर टाकून म्हणाला, ‘अगं, तो विक्रांतने पाठवलेला फीडबॅक आहे. सगळ्यांची नावं त्यानेच घातली.’

‘मला विचारलं?’

‘आई, तो माणूस आपल्या बॅगा उचकत होता. तूच म्हणालीस ना, शी, काय माणूस आहे म्हणून?’

म्हणाले होते. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच लागलं.

२

आम्ही सहा जण होतो. सेंट पॅट्रिकच्या सुट्टीला जोडून आयर्लंडमधल्या, डब्लिनच्या या मंडळींनी थायलंडची राष्ट्रीय उद्यानं पाहायचं ठरवलं. मी मुंबईहून थेट बँकॉकला जाऊन त्यांना मिळाले आणि परतताना निमिषबरोबर तीन महिन्यांसाठी इकडे, डब्लिनजवळच्या डून लेरीला आले. सहलीचा म्होरक्या विक्रांत, हा निमिषचा चेरीवूडच्या ऑफिसातला वरिष्ठ. प्रताप आणि सुचित्रा हे जोडपं. ती ब्युमॉन्टच्या इस्पितळात डॉक्टर आणि तो घरी बसून सॉफ्टवेअर लिहिणारा. मुक्ता नागपूरची, इथे एमएस्सी संपवून नोकरी शोधत होती. आणि आम्ही मायलेक.

खाओ यायला हत्ती दिसले नाहीत म्हणून विक्रांत गाईडवर चिडला. खाओ सोकला तळ्यातल्या तरंगत्या झोपडीत वायफाय नाही म्हणून प्रताप चिडला. जंगल म्हणजे यांच्या बापाने बुक केलेला हॉल! तेव्हा मी गप्प बसले, कारण सहल मुलाच्या मित्रांची होती.

तिसरं उद्यान या धनेशाचं. चौदा मार्चच्या सकाळी नऊ ते अकरा आम्ही प्रासितबरोबर पानांच्या आडोशात बसलो. आडोसा जमिनीवर आणि झाडापासून बराच लांब, ढोली सात-आठ माणसं उंचीवर. माझ्या डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं झालेली. मला एक तपकिरी डाग दिसला आणि मी ‘एवढ्या लांब येऊन काय पाहिलं, डाग!’ असं दहा वेळा तरी म्हणाले.

अकराला पिम आम्हांला घेऊन निघाली. जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतचे मोजे घातलेले सहा जण एका रांगेत चालत साडेअकराच्या सुमारास कॅन्टीनला पोचलो. प्रासित तिकडेच राहिला. सव्वाबाराला सुचित्राच्या वाढदिवसाचा केक म्हणून मेणबत्ती खोचलेला अननस कापला. आणि एक वाजून दहा मिनिटांनी प्रासित घामाने निथळत धावत आला आणि ‘मशीन, मशीन’ म्हणत आमच्या बॅगा उघडू लागला. पिम तोवर ऑफिसात गेली होती. त्याचं थाई आम्हांला कळेना, आमचं इंग्रजी त्याला. विक्रांतने त्याला ढकललं.

कोणतं मशीन? हा प्रश्न आम्हां सहा शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही पडला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी प्रासितचा एखादा फोटो पिमला पाठवावा म्हणून मी सहलीचा अल्बम उघडला. तीन हजार चारशे फोटो. इतके फोटो काढणाऱ्यांपैकी कुणीही ते पाहत नाही, हे मला आता कळून चुकलं आहे. कारण चौदा मार्चच्या ढिगात एक असा फोटो होता की तो पाहून मी खुर्ची पुढे ओढली.

३

ढोलीच्या फटीशी धनेश नर. चोचीत हिरवागार सरडा. आतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलेलं. सुंदर फोटो! मी पाच मिनिटं नुसती पाहत राहिले. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

धनेशाच्या चोचीवर एक पिवळा टोप असतो. तो वरून सपाट नसतो, मधे खोलगट असतो. त्या फोटोत तो खोलगटपणा स्पष्ट दिसत होता. आम्ही जमिनीवर बसलो होतो. तिथून नराचं पोट दिसेल, शेपटी दिसेल. टोपाची वरची बाजू दिसायची तर फोटो काढणारा त्याच्याही वर हवा.

झाडावर कुणी चढलं नव्हतं. म्हणजे आकाशातून काढलेला फोटो. म्हणजे ड्रोन. त्या उद्यानात ड्रोनला सक्त बंदी आहे, फाटकावरच चित्र काढून लाल काट मारलेली आहे. अकरा वर्षं शांततेत घास घेऊन येणाऱ्या पक्ष्याच्या डोक्यावर कुणीतरी ते गुरगुरणारं यंत्र नेऊन ठेवलं, तो भेदरून पळाला आणि परत आलाच नाही.

प्रासित हेच मशीन शोधत आला होता.

फोटो कुणी काढला ते अल्बम सांगेना. विक्रांतने सगळ्यांसाठी एकच खातं उघडून एकच पासवर्ड वाटला होता, आणि वायफाय मिळालं की जागा वाचावी म्हणून फोटो लहान करून आपोआप चढवायची सोय केली होती. त्यात बाकी सगळी माहिती पुसली जाई, फक्त वेळ राही.

वेळ होती अकरा वाजून दहा मिनिटं. मी कपाळावर हात मारून घेतला. अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही सहाही जण पिमच्या मागून रांगेत चालत होतो. मी सगळ्यांत शेवटी होते आणि पुढचे पाचही जण माझ्या डोळ्यांसमोर होते.

४

शुक्रवारी ट्रॅम धरून चेरीवूडला गेले. विक्रांत खाली कॉफी घेऊन आला.

‘काकू, चिल. एवढं काय त्यात? फीडबॅक तर सगळेच देतात.’

‘माझं नाव घालताना मला विचारायचं नाही?’

‘सॉरी, ते राहिलं. पण यू नो, यूअर मॅन, तो प्रासित, जागेवर नव्हता ना? सव्वाएकला कॅन्टीनमध्ये होता. जे झालं तेच लिहिलंय.’

‘तुझ्याकडे ड्रोन आहे.’ गेल्या वर्षी याने समुद्रकड्यांवर उडवलेल्या ड्रोनचे व्हिडिओ निमिषने मला पाठवले होते.

तो हसला. ‘तो घरीच होता, काकू. प्रेसमध्ये.’ प्रेस म्हणजे इथल्या बोलीत कपाट. ‘विमानात बॅटऱ्यांची कटकट कोण करणार?’

मी फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला, वेळ पाहिली आणि एकदम खुलला.

‘अकरा दहा! बघा, तेव्हा आपण सगळे एकत्र होतो. झाडापाशी कोण होतं? फक्त तो. त्यानेच कुणाला तरी बोलावून उडवला असणार. हे त्या लोकांना पाठवा, केस क्लोज. ग्रँड.’

‘मग फोटो आपल्या अल्बममध्ये कसा आला?’

‘ते... त्या पिमने शेअर केला असेल.’

त्याने घड्याळ पाहिलं, मीटिंग आहे म्हणाला, आणि जाता जाता वळून अगदी आपुलकीने बोलला, ‘काकू, एक सांगू? यात फार खोलात जाऊ नका. निमिषसाठी तरी.’

निमिषसाठी? त्याचा काय संबंध? हा प्रश्न मला ट्रॅममध्ये पडला, आणि मी तो बाजूला सारला. आईला काय काय दिसत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

५

पिमला मी प्रासितच्या वहीचं त्या दिवसाचं पान मागितलं होतं. शनिवारी ब्युमॉन्टच्या बसमध्ये असताना ते आलं. शेजारी तिने इंग्रजी भाषांतर लिहिलं होतं.

‘११.०५ : नर आला. उंबरं, चौदा.

१२.४० : नर आला. हिरवा सरडा, एक.

१२.४१ : आकाशात मशीन. नर भरवल्याशिवाय उडाला.

१२.५० : मशीन शोधायला कॅन्टीनला जातो.’

खाली पिमची ओळ होती : ‘साहेब म्हणतात, मशीनची गोष्ट त्याने नंतर रचली.’

रचली! अकरा वर्षं उंबरं मोजणारा माणूस! मी बसमध्ये मोठ्याने ‘नालायक’ म्हणाले आणि शेजारच्या आयरिश आजीबाईंनी आपली पिशवी जवळ ओढली.

आणि मग सरड्याकडे लक्ष गेलं. फोटोतल्या चोचीत उंबरं नव्हती, सरडा होता. त्या दिवशी सरडा एकदाच आला, बारा चाळीसला. म्हणजे फोटो अकरा दहाचा नव्हताच. प्रासितची वही खरी होती, तो जागेवरच होता, आणि खोटं बोलत होतं ते फोटोतलं घड्याळ. बारा चाळीसला आम्ही रांगेत नव्हतो. अननस कापून झाला होता आणि जो तो आपापल्या दिशेला पांगला होता.

सुचित्राची ड्यूटी संपली होती. प्रताप तिला न्यायला आला होता. इस्पितळासमोरच्या कॅफेत मी दोघांनाही समोर बसवलं.

‘अननस कापल्यावर कोण कुठे गेलं?’

‘अहो काकू, कसं आठवणार?’ सुचित्रा म्हणाली. ‘विक्रांत हात धुवायला गेला. हा सिगरेट ओढायला.’

‘ए, एकच ओढली,’ प्रताप म्हणाला.

‘मुक्ता फोनवर होती, इंटरव्ह्यूचं काहीतरी. निमिष बहुतेक वॉशरूमला. मी आणि तुम्हीच तेवढ्या टेबलापाशी होतो.’

‘प्रताप, तुझ्या कॅमेऱ्यातली वेळ बरोबर होती का?’

तो ओशाळला. ‘नाही ना. मी बदललीच नाही. सगळे फोटो आयरिश टाइमचे आहेत. आमचा दुपारचा अननस पहाटे सव्वापाचला कापलाय.’

सात तास मागे. आणि मला तर दीड तास मागचं घड्याळ हवं होतं.

‘आणि तक्रारीवर सही? ती तुम्ही वाचली होतीत?’

‘ग्रुपवर टाकली होती विक्रांतने,’ सुचित्रा म्हणाली. ‘मी थम्स अप दिला.’

एका माणसाच्या अकरा वर्षांवर अंगठा! मी कॉफी तशीच टाकून उठले.

६

रविवारी सकाळी निमिष समुद्रावर धावायला गेला आणि मी मुक्ताला बोलावून घेतलं. ती डार्ट लोकलने आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली आणि मी सांगितलेलं सगळं मन लावून ऐकलं. सहांपैकी ही एकच होती जिने मला ‘चिल’ म्हटलं नाही.

‘काकू, मीपण थम्स अप दिला होता,’ ती पहिल्यांदा हेच म्हणाली. ‘विक्रांतदादा माझं रेफरन्स देणार होते न जॉबसाठी.’

‘मग आता?’

‘आता नाही देणार. जाऊ द्या.’ तिने अल्बममधले अननसाचे सगळे फोटो एका ओळीत लावले. ‘हे बघा. मेणबत्ती विझवतानाचा एकच क्षण सगळ्यांनी काढलाय. विक्रांतदादांच्या फोटोवर सव्वाबारा, बरोबर आहे. माझ्या आणि तुमच्या फोनवर पण सव्वाबारा. प्रतापदादांच्या कॅमेऱ्यावर सव्वापाच. आणि हा एक.’

सहाव्या-सातव्या फोटोवर बोट ठेवून ती थांबली. त्यावर वेळ होती दहा पंचेचाळीस.

‘दीड तास मागे,’ मी म्हटलं.

‘हो. त्याच घड्याळाने धनेशाचा फोटो काढलाय. दहा पंचेचाळीसला अननस, अकरा दहाला धनेश. मध्ये पंचवीस मिनिटं. खरी वेळ सव्वाबारा आणि बारा चाळीस. वहीशी जुळते.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘काकू, थायलंडच्या दीड तास मागे आपला इंडिया आहे. आणि आपल्या सगळ्यांत इंडियाहून आलेल्या फक्त तुम्ही होत्या.’

तीन दिवस मी ज्याला शोधत होते तो चोर, हिच्या हिशोबाने, मीच होते.

७

‘माझ्या फोनवर सव्वाबारा होते, आत्ता तूच म्हणालीस,’ मी कसंबसं म्हटलं. ‘बँकॉकला उतरल्यावर निमिषने लावून दिलं.’

‘दुसरा फोन असेल तर?’

‘माझ्याकडे एक आहे तोच धड चालवता येत नाही मला! तो फोटो मोठा कर.’

तिने दहा पंचेचाळीसचा अननस मोठा केला. मेणबत्तीवर वाकलेली सुचित्रा. तिच्या मागे प्रताप. डावीकडे विक्रांत, फोन वर धरून. मुक्ता. आणि दोन्ही हातांनी फोन धरलेली मी.

पाच जण. फोटो काढणारा फोटोत नसतो, हे समजायला प्राणिशास्त्र लागत नाही.

मुक्ताने लॅपटॉप हळूच मिटला. मी उठले आणि चहासाखरेचं कपाट उघडलं. डब्यांच्या मागे, चार्जरला लावलेला, काच तडकलेला एक जुना फोन होता. इथल्या प्रत्येक मराठी घरात असा एक असतो. त्यात भारतातलं सिम असतं आणि बँकेचे ओटीपी त्यावर येतात. मी तो रोज पाहत होते. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. फोनवर दुपारचे साडेतीन.

निमिष धावून परत आला तेव्हा मुक्ता गेली होती. फोन मी टेबलावर ठेवला होता, शेजारी माझ्या लॅपटॉपवर धनेशाचा फोटो उघडून. त्याने तो पाहिला, लॅपटॉपवरचा धनेश पाहिला आणि बूट न काढताच बसला.

‘हा अल्बममध्ये कसा गेला?’ त्याने विचारलं.

‘घरी आल्यावर वायफाय मिळालं असेल त्याला. तेवढंच सुचलं का विचारायला?’

‘ड्रोन विक्रांतचा होता. बॅगेत होता त्याच्या. मीच मागितला.’ तो खाली बघत बोलत होता. ‘माझा फोन चार्जिंगला होता, म्हणून हा जोडला. दोनच मिनिटं, आई. तू सारखी म्हणत होतीस, डाग पाहिला, डाग पाहिला. मला वाटलं, तुला जवळून दाखवावं. तो प्रासित ओरडत आला तेव्हा मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी विक्रांत म्हणाला, आपणच आधी तक्रार करू, म्हणजे त्याचं कुणी ऐकणार नाही.’

‘आणि तू थम्स अप दिलास.’

‘हो.’

‘पिल्लू गेल्याचं गुरुवारी वाचलंस. त्यानंतर तीन दिवस तू माझ्यासमोर जेवलास.’

तो रडायला लागला. एकतीस वर्षांचा, सहा फुटी मुलगा. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मी दोन्ही केलं नाही.

‘हा फोन भारताच्या वेळेवर का?’ मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

‘तू झोपली असशील का ते बघायला. फोन करायच्या आधी.’

याच्यावर राग कसा धरायचा, सांगा! पण मी धरला. कारण पाच हजार मैलांवरची माझी झोप मोडू नये म्हणून घड्याळ जपणाऱ्या या मुलाला, समोरच्या झाडात कोंडलेल्या त्या आईचा विचार दोन मिनिटं करता आला नव्हता. आणि प्रासितचा तर तीन आठवडे करता आला नव्हता.

‘उद्या नऊला सुनावणी आहे. तिकडचे तीन. तू बोलणार आहेस.’

‘आई, माझा सिटिझनशिपचा अर्ज आत गेलाय. कुठल्याही देशात गुन्हा केलाय का, असं विचारतात. पाच वर्षं थांबलोय मी.’

‘तो अकरा वर्षं बसलाय.’

‘नाव न घेता फोटो पाठवू ना? वही खरी ठरेल, तो सुटेल.’

‘सुटणार नाही. तुमचा विक्रांतच मला म्हणाला, प्रासितने कुणाला तरी बोलावून ड्रोन उडवला असणार. तिकडचे साहेबही तेच म्हणतील. कुणी उडवला ते सांगणारं माणूस समोर हवं.’ माझा आवाज चढला होता. ‘आणि ऐक. तू नाही बोललास तर मी बोलेन. नावासकट. मी तुझी आई आहे म्हणून मला सूट मिळेल असं समजू नकोस, आणि तुलाही नाही.’

तो उठून आपल्या खोलीत गेला. दार लागलं. दिवसभर उघडलं नाही.

८

सोमवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना मी एकटीच लॅपटॉपसमोर बसले. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. मुलाचं नाव लिहिताना माझ्याकडून दोनदा खाडाखोड झाली होती.

स्क्रीनवर एक लांब टेबल दिसलं. मधोमध गणवेशातले साहेब, कडेला पिम, आणि भिंतीलगत खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेला प्रासित. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. तीन आठवड्यांत तो बारीक झाला होता.

‘तुमची तक्रार तुम्ही कायम ठेवता का?’ साहेबांचा प्रश्न पिमने सांगितला.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘ती खोटी आहे. फोटो मी पाठवला आहे. त्यातला सरडा आणि यांच्या वहीतला बारा चाळीसचा सरडा एकच आहे. हा माणूस जागेवरच होता. ड्रोन आमच्या गटाचा होता, त्याला भिऊनच नर गेला आणि घरटं मोडलं.’

‘कुणी उडवला?’

मी कागद उचलला. अक्षरं पुसट दिसायला लागली. मागे दार वाजलं आणि निमिष येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. दाढी केलेली नव्हती, डोळे सुजले होते.

‘मी,’ तो इंग्रजीत म्हणाला. ‘ड्रोन मी उडवला. हा जागेवर नव्हता हे आम्ही खोटं लिहिलं. आमची चूक झाकायला.’ आणि त्याने आपलं पूर्ण नाव आणि पत्ता सांगितला.

साहेबांनी बरंच काही लिहून घेतलं. ड्रोनबद्दल निमिषवर वेगळी कारवाई होईल म्हणाले. विक्रांतने नऊ वाजून दहा मिनिटांनी ग्रुप सोडला, ते मी नंतर पाहिलं. शेवटी साहेब प्रासितकडे वळून काहीतरी बोलले, आणि पिमने हसऱ्या चेहऱ्याने आम्हांला सांगितलं : आरोप मागे घेतला आहे, प्रासितने उद्यापासून कामावर यावं.

मी हात जोडले. निमिषनेही जोडले. ‘सॉरी,’ तो म्हणाला. ‘रिअली सॉरी.’

प्रासित हलला नाही. त्याने निमिषकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात एक वाक्य बोलला. पिमचं हसू मावळलं. ती सांगेना.

‘सांग,’ मी म्हटलं. ‘जे असेल ते सांग.’

‘तो म्हणतो,’ पिम म्हणाली, ‘उद्या येतो. पण झाडात आता कुणी नाही. मी राखू काय?’

साहेब कागद सारखे करत राहिले. निमिषने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी फळ्यावर उत्तर येईना की असंच माझ्याकडे पाहायचा.

‘आई, सांग ना काहीतरी.’

‘त्याने तुला विचारलंय,’ मी म्हटलं, आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.